गालोबाचं दार

फार पूर्वी, पिंजऱ्यातले प्राणीसुद्धा वास्तुशांत करायचे तेव्हाची गोष्ट. गालोबा नावाच्या बुटक्या हॅमस्टरला नवा पिंजरा मिळाला. त्यात भुशाची गादी होती, पळायला चाक होतं, अंग घोळवायला वाळूची वाटी होती आणि मधोमध एक चिमुकलं लाकडी घर होतं. गालोबाने पाल आणि मुंगळ्यांना जेवायला बोलावलं.

पाहुणे घरात जाऊन पंगतीला बसले. मुंगळे पालीपासून जरा सरकूनच बसले. गालोबा मात्र दारातच अडकला, कारण कुणी चोरू नयेत म्हणून त्याने पंगतीचे सगळे दाणे स्वतःच्या गालांत भरून ठेवले होते.

“अहो, गाल रिकामे करा आणि आत या! पाहुणे ताटकळलेत,” आतून त्याची बायको ओरडली.

“दाणे असे उघड्यावर काढू? काहीतरीच तुझं!” गालोबा भरल्या तोंडाने म्हणाला. “माझे गाल बरोबर आहेत, दारच लहान आहे. सुताराला बोलवा.”

सुतारकामाला वाळवी आली. तिने चौकट खाल्ली.

“अजून थोडं,” गालोबा म्हणाला.

तिने भिंती खाल्ल्या, मग छप्परही खाल्लं. उंबरठा तेवढा उरला, तेव्हा ढेकर देऊन ती म्हणाली, “आता बघा जाऊन.”

गालोबा ऐटीत उंबरठा ओलांडून आत आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

“चला, आता वाढा,” पाल म्हणाली.

गालोबाने चहूकडे पाहिलं आणि दोन्ही गाल घट्ट धरले.

“वाढू कसं? घराला एक भिंत तरी आहे का?”