डोईचं गाऱ्हाणं

डोई काही बोलली की कुणी ते खरं मानत नसे. अवयव आपसांत भांडायचे, त्या काळची ही गोष्ट.

थंडी होती. उजव्या हाताने गोधडी नाकावर ओढली आणि डोईला पाढे म्हणायला बसवलं. विचार वाढला तशी तिने रक्ताला हाक मारली. रक्त साखर घेऊन धावत आलं, पण त्याच्याजवळ हवा थोडीच होती. हवेविना जाळलेली साखर आंबली आणि डोई ठणकू लागली.

"हाता, जरा हवा येऊ दे रे. नाहीतर सगळेच आडवे व्हाल."

"बसून खातेस ती खातेस, वर नखरे?" हात म्हणाला.

डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा पाय घाबरले. त्यांनी लाथ मारून पांघरूण उडवलं. डोई सावरली.

"माझी हवा कोंडली कुणी?" तिने विचारलं.

हाताने ताबडतोब बोट दाखवलं, "गोधडीने."