भुताला दिसलेली ओढणी

एकदा एक भूत होते. वय वर्षे बहात्तर, गुडघे दुखरे, आहारात साखर वर्ज्य. संगणकावर इंटरनेटच्या आधारे जे भयखेळ खेळले जातात, त्यांपैकी एका खेळातले हे भूत. चार वाटसरू एका ओसाड कापडगिरणीत अडकतात, भूत त्यांना हुडकून पकडते, आणि जो फाटकाबाहेर पडला तो वाचला, एवढाच तो खेळ. खेळणारे आपापल्या गावी, आपापल्या घरी. असले खेळ मध्यरात्री चालतात अशी लोकांची समजूत असते. हे भूत रात्री नऊला झोपत असे, त्यामुळे यांचा खेळ रविवारी सकाळी दहाला होई.

भूत होणारे गृहस्थ आयुष्यभर शाळामास्तर होते, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या हातून सहसा कोणी सुटत नाही अशी ख्याती होती, आणि खेळ शिकावा म्हणून लांबलांबची माणसे त्यांच्या रविवारच्या गटात येत. खेळात एक सोय होती. जो सर्वांत आधी सापडेल, त्या एकट्याला उरलेला खेळ भुताच्या नजरेने पाहायला मिळे. गुरुजींनी स्वतः एक रीत घालून दिली होती, तिला ते 'कबुली' म्हणत. खेळ संपला की प्रत्येकाने आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची, आणि खरी सांगायची.

गुरुजींचा एक शिष्य त्यांच्याच शहरात राहत असे. श्रीरंग त्याचे नाव, भूमापन कार्यालयात मोजणीदार. तीन वर्षांत त्याने एक रविवार चुकवला नव्हता. गटातल्या लोकांपैकी गुरुजींच्या तावडीतून एकदा सुटलेला तो एकटाच, आणि ही गोष्ट ज्याला ऐकवली नाही असा माणूस त्याच्या कार्यालयात उरला नव्हता. गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली की भुताची जागा आपण दुसऱ्या कोणाला तरी देऊ, असे त्यांनी सांगून ठेवले होते. ती श्रीरंगला मिळणार असे सर्वांना वाटे. श्रीरंगला तर खात्रीच होती.

चार महिन्यांपूर्वी परभणीची ऋजुता गटात आली. औषधांच्या दुकानात काम करणारी, बोलायला भित्री मुलगी. दर रविवारी ती पहिल्या पाच मिनिटांत सापडे. भूत जवळ आले की तिला दम धरवत नसे, ती धावत सुटे आणि थेट त्याच्याच पुढ्यात जाई. श्रीरंग तिच्याशी फार गोड वागे, तिला युक्त्या सांगे, धीर देई. आपल्याला जिचा धोका नाही तिच्याशी गोड वागायला कोणाचे काय जाते? मग एका शनिवारी तिने कळवले, "माझ्याच्यानं होत नाही हे. उद्या शेवटचं खेळते आणि थांबते."

त्या रविवारी श्रीरंगने उगाच शौर्य दाखवले आणि तोच सर्वांत आधी सापडला. पुढचा खेळ तो भुताच्या नजरेने पाहू लागला. एक दंतवैद्य होते, ते सापडले. सोलापूरच्या दमयंतीताई, गटातल्या सर्वांत जुन्या, त्याही सापडल्या. उरली ऋजुता. ती एका यंत्रमागाच्या आड दडून बसली होती आणि तिच्या ओढणीचे नारिंगी टोक बाहेर लोळत होते. भूत त्या मागासमोर येऊन उभे राहिले. ओढणी पडद्याच्या मधोमध होती, मोतीबिंदूवाल्यालाही दिसावी अशी. श्रीरंगने मनात चार आकडे मोजले. आणि भूत वळले, गिरणीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथली लोखंडी कपाटे धडाधड उघडू लागले. ऋजुता फाटकाबाहेर पडली.

कबुलीच्या वेळी गुरुजी शांतपणे म्हणाले, "ती कपाटात असणार असं मी धरून चाललो. चूक माझी."

दंतवैद्यांनी टाळ्या वाजवल्या. दमयंतीताई म्हणाल्या, "शाब्बास गं पोरी." सर्वांत शेवटी श्रीरंग 'अभिनंदन' म्हणाला. तो मत्सराने जळत होता, दुसरे काही नाही. तीन वर्षे घाम गाळून आपण जे मिळवले ते हिला फुकट मिळाले. आता गुरुजींच्या हातून सुटलेले दोघे झाले, आणि उद्या भुताची जागाही कदाचित हिलाच. शिवाय गुरुजी खोटे बोलले, तेही कबुलीत. भुताच्या नजरेने दिसलेल्या खेळाचे चित्रण श्रीरंगने फोनमध्ये करून ठेवले होते. ते गटावर टाकायला त्याने बोट पुढे केले आणि थांबला. आधी गुरुजींना जाब विचारू, मग टाकू, असे ठरवून त्याने स्कूटर काढली.

गुरुजी खाटेवर उताणे पडले होते, डोळे मिटलेले.

"गुरुजी, हे बघा जरा," फोन त्यांच्यापुढे धरत तो म्हणाला.

"आत्ताच थेंब घातलेत. दहा मिनिटं डोळे उघडायचे नाहीत. तोंडानं सांग."

"ओढणी दिसली होती तुम्हाला."

"दिसली होती."

"मग सोडलंत का तिला? आणि कबुलीत खोटं का बोललात? तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?"

"आणि तुला राग कशाचा आलाय? खोट्याचा, की ती सुटली त्याचा?"

श्रीरंगने फोन खिशात घातला. मग त्याला आवरेना. "मला नाही कधी असं सोडलंत. तीन वर्षं येतोय मी. मी सुटलो ते माझ्या हिमतीवर. हिच्यात असं काय पाहिलंत तुम्ही?"

गुरुजींनी गालावर ओघळलेला थेंब पुसला. मग म्हणाले, "तू सुटलास त्या दिवशी पिंपांच्या मागे बसला होतास. तुझा डावा बूट बाहेर होता."

खोलीत पंखा फिरत होता. ज्या एका दिवसावर श्रीरंग आजवर ताठ मानेने वावरला, तो दिवस कोणीतरी हळूच काढून घेतल्यासारखे त्याला झाले.

गुरुजी म्हणाले, "ऐक. आपला खेळ भीतीचा आहे. आणि भीती वाटायला सुटकेची आशा लागते. जो दर वेळी सापडतोच, तो एक दिवस घाबरणं सोडतो, मग कंटाळतो आणि निघून जातो. ऋजुता आज पहिल्यांदा पळाली नाही. माझी पावलं ऐकत सहा मिनिटं एका जागी बसली. तेवढं तिनं स्वतः कमावलं. ओढणी सांभाळायला पुढे शिकेल, पण त्यासाठी पुढच्या रविवारी ती यायला हवी. तूही त्या दिवशी पहिल्यांदाच दम धरला होतास. सोडलं, असं सांगितलं की ती भीक होते रे, आणि भीक घेऊन कोणी शिकत नाही. म्हणून ती चूक मी माझ्या नावावर घेतली."

"पण मला तर दिसलं," श्रीरंग कसाबसा म्हणाला.

"तुझ्या वेळीही दिसलं होतं एकाला. त्या दिवशी सर्वांत आधी कोण सापडलं होतं?"

श्रीरंगला आठवले. दमयंतीताई. त्या दिवशी सर्वांत आधी 'शाब्बास' म्हणाल्या त्याही दमयंतीताईच. तेव्हापासून त्याने आपली शौर्यकथा त्यांना निदान दहा वेळा ऐकवली होती, आणि दहाही वेळा त्यांनी ती पहिल्यांदाच ऐकावी तशी ऐकली होती.

"दया करणारा एकटा पुरत नाही, श्रीरंग," गुरुजी म्हणाले. "पाहणाऱ्यालाही तिच्यातला वाटा उचलावा लागतो. तुझ्या फोनमध्ये काय ठेवायचं ते तुझं तू बघ. मी काही म्हणणार नाही."

तो जिना उतरून खाली आला, तोच फोन वाजला. ऋजुता होती.

"दादा, एक विचारू? रागावू नका. तुम्ही सगळं भुताच्या नजरेनं पाहत होतात ना? मग खरं सांगा. मी सुटले, की गुरुजींनी सोडलं? सोडलं असेल तर मला नको तसलं. मी थांबते मग."

श्रीरंगच्या मनातला मत्सर कुठे गेला नव्हता. एक वाक्य बोलले की काम झाले असते: ती गटातून जाईल, आणि भुताच्या जागेसाठी त्याच्यापुढे कोणी उरणार नाही. ते वाक्य खरेही होते. ते त्याच्या ओठांपर्यंत आले.

"सहा मिनिटं तू हललीस नाहीस," तो म्हणाला. "पावलं जवळ आली तरी बसून राहिलीस. मी मोजत होतो. मला पहिल्या वर्षी हे जमलं नव्हतं."



"खरंच?"

"खरंच. फक्त बसताना ओढणी आत घेत जा, सवय चांगली."

"बरं दादा," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होते. "येते मग रविवारी."

फोन ठेवल्यावर श्रीरंगने ते चित्रण पुसून टाकले आणि स्कूटरवर तसाच थोडा वेळ बसून राहिला. त्याला मोठे काही केल्याचा आनंद झाला नाही. उलट बरेच दुखले. मग त्याने दमयंतीताईंचा नंबर लावला, आणि त्यांनी "बोल रे" म्हटल्यावर तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी माझा डावा बूट बाहेर होता."