ताईची अंडी आणि कोवळे ऊन

जो सूर्य अंड्यांना ऊब देतो, तोच त्यांना भाजून का काढतो? मुलांनो, हा प्रश्न एका तरुण टिटव्याने माळावरच्या प्रत्येकाला विचारला. त्याचे उत्तर त्याला कोणीही दिले नाही.

दूरच्या एका माळावर, उथळ तळ्याच्या काठी, तो आपल्या थोरल्या बहिणीच्या शेजारी राहत असे. टिटव्यांच्या रीतीप्रमाणे बहिणीने उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध चार अंडी घातली होती. होळीच्या सुमारास एका पहाटे कोल्ह्याने बहीण आणि मेहुणा दोघांनाही नेले. अंडी खड्यांसारखीच दिसत, म्हणून तेवढी मागे राहिली. टिटव्याने पुढचा-मागचा विचार केला नाही. धावत जाऊन तो अंड्यांवर बसला. ती थंड पडली तर ताई आणखी एकदा मरेल, असे त्याला वाटत होते.

मग तो उठेचना. पहाटेच्या गारठ्यात बसे, कोवळ्या उन्हात बसे, भर दुपारीही बसे. जवळून एखादी शेळी गेली तर तिच्या अंगावर धावून जाई आणि लगेच परत येऊन बसे. कावळा बाभळीवरून म्हणाला, "मामा आहेस की आई, ते तरी ठरव." टिटव्याने वर पाहिलेसुद्धा नाही. त्याचे खाणे सुटले, छाती आटली. अंगातच ऊब उरली नाही, तशी रात्री अंडी गार लागू लागली.

तळ्याकाठी एक आळशी म्हातारे कासव रोज सकाळी दगडावर पाठ शेकत पडे. टिटव्याने त्यालाही आपला प्रश्न विचारला. कासव म्हणाले, "ते काही मला ठाऊक नाही. मी आपला सकाळी उन्हात पडतो आणि दुपारी पाण्यात शिरतो." मग हळूच म्हणाले, "बाळा, सकाळी ऊन अंडी उबवतंय आणि तूही वर बसून तेच करतोयस. तुझी ऊब रात्रीला ठेव ना."

टिटवा भडकला. त्याने कासवाच्या पाठीवर चोच मारली. "ताईची अंडी मी उघडी टाकू?"

"टाकू नकोस. उन्हाच्या हवाली कर आणि तिथंच, नजरेसमोर किडे वेच. चोच फार दुखली का रे?"

दुखली होती. तो फणकाऱ्याने परत अंड्यांवर जाऊन बसला. दुसऱ्या सकाळी ऊन अंगाला लागल्यावर तो भीत भीत उठला. दोन किडे खायचे आणि वळून पाहायचे, असे करत त्याने पोट भरले. परत आला तेव्हा अंडी छान कोमट होती.

दुपारी मात्र खडे तापले. तो पंख पसरून सावली धरत होता, तरी अंडी पोळू लागली. त्याला काही सुचेना. तो तळ्याकडे पळाला, पोटापर्यंत पाण्यात शिरला आणि अंग न झटकता धावत येऊन अंड्यांवर बसला. ओल्या पिसांखाली अंडी निवली. तेवढ्यात एका अंड्यातून अगदी बारीक आवाज आला. टिटवा इतका शांत बसून राहिला की कावळ्यालाही काही बोलावेसे वाटले नाही.

चारही पिल्ले सुखरूप निघाली. वैशाखात तळे आटले, तेव्हा टिटवा त्यांना घेऊन नदीकडे निघाला. त्यांना अजून उडता येत नव्हते आणि वाट लांब होती. ऊन कलले, तसा तो मुद्दाम उन्हाच्या बाजूने चालू लागला, म्हणजे त्याची सावली पिल्लांवर पडे. ती भांडत, एकमेकांना ढकलत त्या सावलीतून मजेत चालली. नदीकाठी पाणी होते, किडे होते. तिथे ती आपली आपण वाढली, उडाली आणि वेगवेगळ्या माळांवर गेली. टिटव्याने त्यांच्यासाठी केलेले शेवटचे काम तेच : संध्याकाळ होईपर्यंत तो सूर्याच्या आणि त्यांच्या मधून चालत राहिला.

तात्पर्य : ऊन जे काम आपल्यासाठी करते ते त्याला करू द्यावे, आपली शक्ती जिथे ऊन पोचत नाही किंवा जिथे ते सोसवत नाही, तिथे खर्च करावी.