पाटावरचा पाहुणा

एकदा एक दसरा असा उजाडला, की आभाळ घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं लख्ख होतं. आठवडाभर रेंगाळलेला पाऊस रात्रीतून निघून गेला होता. दारच्या झेंडूत अजून पाणी होतं, आणि ऊन मात्र सकाळीच चटके देऊ लागलेलं. अशा स्वच्छ उजेडात माणसाला काही झाकून ठेवायचं असलं, की मोठी पंचाईत होते.

तशी पंचाईत त्या दिवशी एका शिष्याची झाली.

हा शिष्य लहानपणापासून एका वृद्ध पखवाजवादकाकडे बोल शिकलेला. त्यांना तो आप्पा म्हणे. पण त्याचं पोट भरे ते लॅपटॉपवर. लग्नपत्रिका, अर्ज, देवळातल्या उत्सवाची निमंत्रणं, असलं मराठी टंकन तो घरी बसून करी. लॅपटॉप सेकंड हँड. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. सारी आळी त्यांना बाई म्हणे. दृष्टी मंदावली तेव्हा बाईंनी आपला लॅपटॉप याला विकला होता. अंगानं जाड, एक कोपरा उडालेला, कित्येक बटणांवरची अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. पण इमानी असा, की ऐन लग्नसराईतही त्यानं कधी पाठ दाखवली नाही.

तरी शिष्याला त्याची लाज वाटे. कुणी गिऱ्हाईक एकदा म्हणालं होतं, "हा लॅपटॉप म्हणायचा की पुरणाचा पाटा?" सगळे हसले. शिष्यही हसला; पण तो शब्द आत कुठंतरी कुसळासारखा रुतून बसला.

त्यातच गावातल्या एका व्यापाऱ्यानं नवा छापखाना काढला. अक्षरजुळणीचं सगळं काम तो एकाच माणसाला देणार होता. "दसऱ्याला सोनं द्यायला येतो, तेव्हा बोलू," असं तो शिष्याला म्हणाला. हे काम मिळालं, तर दारोदार पत्रिका विचारत फिरणं संपणार होतं.

आता दसऱ्याला आपल्याकडं हत्यारं पुजतात. सुतार करवत पुजतो, शिंपी कात्री. शिष्यानं लॅपटॉप पुजायचा. पण शेठजींच्या नजरेला तो पाटा कसा पडू द्यायचा? तो आतेभावाकडं गेला, त्याचा पातळ, चंदेरी, नवा कोरा लॅपटॉप दिवसापुरता मागून आणला आणि पाटावर मांडला. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आपला जुना एका धोतरात गुंडाळून त्यानं पलंगाखाली सारला.

शेठजी आले, तेव्हा आप्पा येऊन बसलेच होते.

"वा वा! यंत्र झकास आहे हो तुमचं," शेठजी म्हणाले. शिष्यानं नुसती मान हलवली. तेवढ्यानंच खोटं पुरं झालं.

मग आप्पा उठले. त्यांनी तबकातलं फूल आणि चिमूटभर हळद-कुंकू उचललं. पाटाकडं न जाता ते खिडकीजवळच्या टेबलापाशी गेले. टेबल रिकामं होतं. जुना लॅपटॉप वर्षानुवर्षं जिथं असायचा, तिथं लाकडाचा रंग उजळ राहून एक चौकोन उमटला होता. आप्पांनी त्या रिकाम्या चौकोनावर हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि हात जोडले.

"अहो आप्पा, पूजा इकडं मांडलीय!" शेठजी हसून म्हणाले. "डोळ्यांत मोतीबिंदू झाला काय?"

आप्पा शिष्याकडं वळले. आवाज हळू होता.

"बाळा, पाटावर बसलेल्यानं तुझ्यासाठी अजून एक अक्षर उमटवलेलं नाही. तो पाहुणा आहे, त्याचा धनी त्याला पुजेल. माझा पखवाज माझ्या गुरूंनी वाजवलेला, त्यांच्याही आधी कुणी वाजवलेला. दसऱ्याला शेजाऱ्याचा नवा पखवाज मी पुजला असता, तर माझ्या हाताला उद्या बोल कुठून सुचणार? ज्याचं अन्न खाल्लं, त्याला आज तू अडगळीत घातलंस. म्हणून मी त्याच्या जागेची क्षमा मागितली."

शिष्याचे कान तापले. मान वर होईना. तो गुडघ्यांवर बसला, पलंगाखाली हात घातला आणि ते गाठोडं बाहेर ओढलं. धोतराचे धागे उडालेल्या कोपऱ्याला अडकले होते. ते तो एकेक करून सोडवू लागला.

शेठजींनी जुन्या लॅपटॉपकडं पाहिलं, मग पाटाकडं. "हं," ते म्हणाले. "अहो, मला पत्रिका छापायच्यात. यंत्र काही बोहल्यावर चढवायचं नव्हतं. जुन्यावर काम करतो म्हणाला असतात, तर आजच शब्द दिला असता. आता... बघू."

त्यांनी आपट्याचं पान शिष्याच्या हातावर ठेवलं. मग ते चपला सरकवून निघून गेले.

दारात बाई उभ्या होत्या. सोनं द्यायला आल्या होत्या, आणि किती वेळ उभ्या होत्या, ते विचारायचं धैर्य शिष्याला झालं नाही. चौकटीला धरून त्या आत आल्या. शिष्यानं पाहुण्याला पाटावरून उतरवलं आणि जुना तिथं ठेवला. बाईंनी वाकून जुन्या लॅपटॉपवरून बोटं फिरवली, उरलेला एक धागा चिमटीनं ओढून काढला.

"बाई, मी..." शिष्यानं तबक त्यांच्यापुढं सरकवलं.

बाईंनी तबक चाचपून कुंकू घेतलं. म्हणाल्या, "मी घेतला तेव्हाही तो वापरलेलाच होता रे. तुझा हात तिसरा. चौथ्याला द्यायची वेळ येईल, तेव्हा मात्र असा पलंगाखालून काढून देऊ नकोस."