सातवी गिटार

"घेऊ का नको, एवढंच सांगा मास्तर."

याकोब मास्तरांनी मान वर केली नाही. चर्चची जुनी पायपेटी त्यांनी व्हरांड्यात उघडून ठेवली होती आणि तिच्यातली एक पितळी पट्टी ते मऊ फडक्यानं पुसत होते.

"कुणाची?"

"मकरंदची."

फडकं थांबलं... पुन्हा फिरायला लागलं.

"मकरंद गिटार विकतोय?"

"हो. ती शिसवी पाठीचीच. तारा आणायला दुकानात गेलो होतो, तिथं कळलं."

"तुझ्याकडं किती आहेत आता?"

भरतेश चौगुलेनं नजर पायपेटीकडं वळवली. मग हळू आवाजात म्हणाला, "सहा."

मिरजेत गिटार शिकायची म्हटलं की लोक याकोब मास्तरांचं नाव सांगत. भरतेश त्यांच्याकडं आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. हात तयार, कान त्याहून तयार, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला पक्की ठाऊक. दोन वर्षं तो मास्तरांचा पहिल्या नंबरचा शिष्य होता.

मग मकरंद ऐनापुरे आला.

मकरंद त्याच्यापेक्षा चांगला वाजवायचा का, हे भरतेशला आजही सांगता आलं नसतं. पण मकरंद वाजवायला लागला की चहाचे कप खाली ठेवले जायचे. भरतेश वाजवायचा तेव्हा लोक चहा पीतच ऐकायचे.

एवढाच फरक. पण तो भरतेशनं वीस वर्षं उराशी धरला होता.

पुढं दोघंही त्याच धंद्यात पडले. भरतेशची कमाई म्हणजे दोन शाळांतले छंदवर्ग आणि लग्नसराईतला ऑर्केस्ट्रा. लग्नसराई सरली की शाळेच्या मानधनावर घर चालायचं. अशा कमाईत माणूस एक गिटार घेतो आणि आयुष्यभर तिच्या तारा बदलतो.

भरतेशनं सहा घेतल्या.

पहिली शिकायची म्हणून घेतली. ती सोडली तर बाकीच्या सगळ्या मकरंदमुळं. मकरंदनं बारा तारांची आणली, त्या वर्षी यानं सायकल विकून बारा तारांची आणली. मकरंद इलेक्ट्रिक घेऊन स्टेजवर उभा राहिला, तर घरात फ्रिज यायचा होता तो पुढच्या वर्षावर गेला. पुढच्या वर्षी मकरंदनं नायलॉन तारांची घेतली, आणि फ्रिज आणखी एक वर्ष मागं पडला. पद्मजा, भरतेशची बायको, काही बोलली नाही. उन्हाळ्यात दूध नासलं की पातेलं मुद्दाम गिटारीच्या कव्हरशेजारी आणून ठेवायची, इतकंच.

आणि दर वेळी व्हायचं असं की यानं घेतली, की चार-सहा महिन्यांत मकरंद ती वाजवायचं सोडून द्यायचा. पुन्हा आपली ती शिसवी पाठीची घेऊन बसायचा. एक परदेशी डॉक्टर मायदेशी परत जाताना ती त्याला विकून गेला होता. तशी दुसरी मिरज-सांगलीत नव्हती. तेवढी एक भरतेशला घेता आली नव्हती.

"सहाच्या सहा विकतो, मास्तर," तो आता म्हणाला. "आणि ती एक घेतो. मग पुन्हा कधी घेणार नाही. आईशप्पत."

"मकरंद का विकतोय?"

"दुसरी घेतली असेल. हिच्यापेक्षा भारी. नाहीतर ही कशाला सोडेल तो?"

बोलता बोलता त्याचा चेहरा कडू झाला. दुकानात बातमी ऐकल्यापासून हाच किडा त्याला पोखरत होता. वीस वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती हाताशी आली होती, आणि हाताशी आली म्हणूनच तिचा रंग उतरायला लागला होता. मकरंदनं टाकलेली... उष्टी.

"विचारलंस त्याला?"

"विचारायचं काय? तो खरं सांगणाराय होय?"

मास्तरांनी पट्टी उजेडात धरून बघितली. जागेवर बसवली. भात्यावर पाय दाबून सूर एकदा वाजवून पाहिला.

"त्याच्या घरी जा," ते म्हणाले. "त्याच्यासमोर बसून वाजव. न वाजवता घेऊ नकोस."

"आणि मग घेऊ?"

मास्तर दुसरी पट्टी पुसायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा तास आटोपून भरतेश मकरंदच्या घरी गेला. कितीतरी वर्षांनी. कार्यक्रमात गाठ पडायची, मान हलायची, तेवढंच नातं राहिलं होतं.

"अगं बाई, भावजी!" मकरंदची बायको सुलभा दारात म्हणाली. "या की. आज कसं काय वाट चुकलात?"

मकरंद कॉटवर बसला होता. मांडीवर टॉवेल, डावा हात टॉवेलाखाली. वजन उतरलं होतं.

भरतेशनं 'बरा आहेस ना' म्हटलं खरं, पण त्याचे डोळे खोलीभर नव्या गिटारीला शोधत होते. कपाटावर नव्हती. दारामागं छत्री होती. कॉटखाली ट्रंक. शिसवी पाठीची कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती, तिच्यावर धूळ.

त्याला राहवलं नाही.

"नवी कुठं ठेवलीस?"

"नवी?"

"ही विकतोयस म्हणजे..."

मकरंदनं त्याच्याकडं बघितलं आणि हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. मग त्यानं टॉवेल बाजूला केला.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडं वळलेलं होतं. त्यानं ती सरळ करायचा प्रयत्न केला. बोटं थोडी हलली, थरथरली, पुन्हा वळली.

"चार महिने झाले," तो म्हणाला. "नस गेली म्हणतात. आधी मुंग्या यायच्या. वाटलं, थंडीनं असेल... आता चिमटा काढला तरी कळत नाही."

भरतेशच्या आत काहीतरी लख्खकन् उजळलं.

तो आनंद होता. त्यानं तो ओळखला, आणि त्याच्या कानशिलांवर घाम फुटला.

"वाईट झालं," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच खोटा वाटला.

"विकायची एवढ्यासाठी, की समोर दिसते," मकरंद म्हणाला. "सकाळी डोळे उघडले की दिसते. तू घे. तुझा डोळा होताच तिच्यावर."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत होतं."

भरतेशनं गिटार उचलली. शर्टाच्या बाहीनं धूळ पुसली. सगळ्या तारा उतरल्या होत्या, त्या एकेक करून सुरात आणल्या. हात घाई करत होते, लाजेनं का हावरेपणानं, त्याचं त्याला कळेना.

काय वाजवायचं, हे त्यानं ठरवलं नव्हतं. बोटांनीच ठरवलं.

मकरंदची एक धून होती, त्याची स्वतःची. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तो ती एकटाच वाजवायचा आणि मांडव गप्प व्हायचा. ती धून भरतेशनं घरात दार लावून हजार वेळा वाजवली होती. आवडते म्हणून नव्हे. तिच्यात असं काय आहे ते उकलून बघायला, जशी पोरं घड्याळ उकलतात तशी. एकदा पद्मजा भाजी घेऊन आली आणि दाराबाहेरून म्हणाली होती, "मकरंदभावजी आलेत होय?" त्यानंतर तिच्याशी तो दोन दिवस धड बोलला नव्हता.

आता तीच धून निघाली.

मधे एक जागा होती. करंगळी वरच्या सुरावर ठेवून घसरत खाली आणायची, आणि पोचायच्या आधी किंचित थांबायचं. भरतेश थांबला. खाली आला.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

सुलभा दारात आली. हातात पळी तशीच. तिनं आधी नवऱ्याच्या हातांकडं बघितलं, मग भरतेशच्या. आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.

"मला वाटलं..." ती म्हणाली.

ते भरतेशला झोंबलं. इतक्या वर्षांनी, अशा वेळीसुद्धा झोंबलं. पण बोटं थांबली नाहीत.

मकरंदनं तोंड भिंतीकडं केलं होतं.

धून संपली.

"त्या उतारावर," मकरंद भिंतीकडं बघतच म्हणाला, "मी एवढा थांबायचो?"

"सांगलीला थांबायचास. कोल्हापूरला नाही."

"काय सांगतोस!"

"कोल्हापूरला तू घाई करायचास. हॉल मोठा असला की तू घाबरतोस. जयसिंगपूरच्या त्या लग्नात तर तू तो सूरच गाळलास, आणि तरी टाळ्या पडल्या. मला रात्रभर झोप लागली नाही."

मकरंद वळला. त्याचे डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर नवल होतं.

"माझं मलाच आठवत नाही रे... मला वाटायचं, तू माझ्याकडं बघतसुद्धा नाहीस. शेवटच्या रांगेत तोंड पाडून बसलेला असायचास."

"बघत नव्हतोच," भरतेश म्हणाला. "ऐकत होतो."

चहा आला. मकरंदनं कप उजव्या हातानं धरला. घोटभर प्याला आणि म्हणाला,

"भरत, रागावू नकोस. आता विकायची नाही."

भरतेशच्या हातातली गिटार एकदम जड झाली.

"ती इथंच राहू दे," मकरंद म्हणाला. "तू येत जा. आठवड्यातून एकदा. ये, वाजव आणि जा. माझ्याशी बोलू नकोस पाहिजे तर."

सुलभा उंबऱ्यावरून भरतेशकडं बघत होती. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

तो उठला. गिटार कोपऱ्यात ठेवली, चपला घातल्या आणि निघून आला.

घरी गेला नाही. तडक मास्तरांकडं आला.

मास्तर पायपेटीला झाकण बसवत होते. भरतेशनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढत गेला.

"म्हणजे बघा मास्तर! गिटार त्याची, धून त्याची, घर त्याचं. आणि हात तेवढे माझे! आयुष्यभर त्याच्या मागं राहिलो. आता तो वाजवायचा थांबला, तरी पुढं तोच!"

मास्तरांनी बाक पुढं सरकवला. भरतेश बसला. श्वास खाली आला.

मग तो निराळ्या आवाजात म्हणाला,

"त्यानं बोटं दाखवली ना... तेव्हा मला बरं वाटलं, मास्तर."

मास्तरांनी झाकणावरचा हात काढला.

"खरंच बरं वाटलं. क्षणभर. असा माणूस मी. आणि मी त्याच्यासमोर जाऊन बसू? त्याची बायको उंबऱ्यावर बसणार, तो भिंतीकडं तोंड करणार, आणि माझ्या पोटात हे विष!"

"जायचं नाही तुला?"

"जायचंय. म्हणून तर आलोय." त्यानं दोन्ही हात जोडले. त्यानं मास्तरांपुढं हात जोडल्याला वीस वर्षं झाली असतील. "एवढं करा. हा हेवा माझ्यातनं काढून टाका. व्रत सांगा, उपास सांगा, काय वाट्टेल ते सांगा. मन साफ झालं की मी जाईन."

फाटकापाशी कुणाची तरी सायकल वाजली, पुढं निघून गेली.

मग मास्तरांनी भरतेशचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. उलटा करून उजेडात धरला. बोटांच्या टोकांवर तारांनी घट्टे पाडले होते. मास्तरांनी ते एकेक करून अंगठ्यानं दाबून बघितले. तर्जनी... मधलं... शेवटच्या दोन बोटांवर त्यांचा अंगठा जास्त वेळ थांबला.

"त्याची धून आणखी कुणाला येते?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही. त्यानं कधी शिकवलीच नाही कुणाला."

"तुला?"

"मला कशाला शिकवेल!"

"मग आली कशी?"

भरतेशला ते लावलेलं दार आठवलं, आणि हेव्यापोटी हजार वेळा उकललेली ती धून.

मास्तरांनी त्याची बोटं मिटवली, मूठ केली आणि ती त्याच्या छातीशी नेऊन ठेवली.

"हेवा टाकू नकोस, भरतेश. मकरंदचा हात आता तेवढाच उरलाय."