सागवानात धावणारा हरकारा

निरोप माणसांच्या पायांनी जायचे, त्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक मूर्तिकार बाई राहायची.

ती पाळण्यात होती तेव्हा डोंगरावरचं तळं फुटायला आलं होतं. निरोप घेऊन वाटेने जाणाऱ्या एका हरकाऱ्याने ते पाहिलं आणि काट्याकुट्यांतून धावत येऊन त्याने गावाला सावध केलं. पाणी आलं, घरं वाहून गेली. माणूस मात्र एकही गेला नाही. आता तो हरकारा म्हातारा झाला होता. पाय थकले होते, दृष्टीही गेली होती.

तो आहे तोवरच त्याची मूर्ती उभारायची, असं गावाने ठरवलं. राजाने त्यासाठी पांढराशुभ्र संगमरवर पाठवला. बाईने जीव ओतून काम केलं. मूर्ती इतकी देखणी झाली की राजाने बाईला दरबारात मानाची जागा देऊ केली.

बाईने म्हाताऱ्याला हात धरून मूर्तीपाशी आणलं. त्याने दगडावरून बोटं फिरवली, तिला तोंडभर आशीर्वाद दिला. मग जरा घुटमळून म्हणाला, "पोरी, काम सुरेख आहे. पण हा उभा आहे गं. मी त्या दिवशी कुठेच उभा राहिलो नव्हतो."

त्या दिवशी म्हातारा कुठे उभा राहिला असता तर आपण आज नसतो, एवढंच रात्रभर बाईच्या मनात घोळत राहिलं. सकाळी ती राजाकडे गेली आणि वादळात पडलेल्या जुन्या सागातून मूर्ती नव्याने घडवण्याची परवानगी मागितली. राजा नाराज झाला. लाकूड तडकतं, किडतं. तेच हवं असेल तर दरबारची जागा विसर, असं त्याने बजावलं.

"महाराज," ती म्हणाली, "दगडाला कुणाची गरज लागत नाही. लाकडाला दरवर्षी तेल लावावं लागेल. त्या निमित्ताने तरी गाव त्याच्याजवळ येत राहील." राजाने परवानगी दिली, दरबारची जागा मात्र काढून घेतली.

सागाच्या अंगात वर्षावर्षाच्या रेषा होत्या, वाहत्या पाण्यासारख्या वळत गेलेल्या. बाईने त्या मोडल्या नाहीत. त्या जिकडे वळल्या, तिकडेच तिने पटाशी नेली.

मूर्ती झाल्यावर म्हातारा पुन्हा आला. टाचेपाशी त्याच्या बोटांना एक रेषा सापडली. तिच्या मागोमाग बोटं पोटरीवर, पाठीवर, खांद्यावर सरसर चढत गेली.

"धावतोय," तो हळूच म्हणाला.

बाईने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुम्ही धावलात, म्हणून मी आहे."

पुढे म्हातारा गेला. दरबारची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, त्याचं बाईला काही वाटलं नाही. दरवर्षी तळं फुटलं त्या दिवशी गाव जमतं, मूर्तीला तेल लावतं. आया लेकरांचे इवलेसे हात तेलात बुडवून त्या पावलांवर फिरवतात आणि तो कसा धावत आला, ते सांगतात.

तात्पर्य: उपकाराची आठवण एकदा उभारून भागत नाही, ती जपत राहावी लागते.