बिनचूक पाठशाळेचा शाप

एका राज्यात दुर्जयकेतू नावाचा राजा होता. त्याला बिनचूक प्रजा हवी होती. जादूगार कराळमुख त्याला म्हणाला, "महाराज, पाठशाळेत रोज सायंकाळी मुलांच्या चुका मोठ्याने वाचाव्यात. जो ऐकेल, तो पुन्हा चुकणार नाही."

जादूगाराने शब्द पाळला. प्रत्येक चुकीसरशी मूल बोटभर दगड होऊ लागले. दगड कसला चुकतो? चाळीस मुले शिळा झाली, आणि हा शहाणा राजा म्हणाला, "वर्ग किती शांत आहे." सांगताना अजून माझे रक्त उकळते.

चुका वाचणारे होते गुरू भैरवशर्मा. एके दिवशी त्यांनी पोटच्या मुलीच्या, कुमुदाच्या, एकवीस चुका वाचल्या. ती हनुवटीपर्यंत दगड झाली. तिची आई चंद्रावळी धावत आली. तिने चुकांची वही हिसकावून चुलीत घातली. "तुमची विद्या जळो," ती म्हणाली. "माझी मुलगी परत द्या."

खिडकीत बसलेली एक साळुंकी बोलली, "उतारा आहे. ज्याने चुका वाचल्या, त्यानेच तिच्या तीन चांगल्या गोष्टी सांगाव्यात. डोळ्यांनी पाहिलेल्या. पोकळ बोलाल, तर दगड चढेल."

गलबला ऐकून तिथे आलेला राजा घाईने म्हणाला, "कन्या राज्याचे रत्न आहे, असे सांगा."

गुरूंनी मुकाट्याने तसे सांगितले. दगड नाकापर्यंत चढला.

चंद्रावळी कडाडली, "कोणाच्याही मुलीला चिकटेल अशी स्तुती करता? एकवीस चुका तोंडपाठ, आणि चांगले एकही आठवत नाही? लाज वाटू द्या."

गुरूंची मान खाली गेली. ते म्हणाले, "लंगड्या मैत्रिणीसाठी ती हळू चालते. मी पाहिले होते, तरी वहीत उशिराची चूक लिहिली." दगड खांद्यापर्यंत उतरला.

"तिने विचारले, गोष्टीतल्या राक्षसाला रोज भूक का लागते? मी उद्धटपणा लिहिला. प्रश्न चांगला होता. उत्तर मला येत नव्हते." दगड कमरेपर्यंत उतरला.

तिसरी गोष्ट काही केल्या सुचेना. कुमुदा बापाकडे रोखून पाहत होती. तिचे डोळे रागाने लाल झाले होते.

"ती माझ्यावर रागावली आहे," गुरू म्हणाले, "आणि माझ्या तोंडावर रागावते आहे. एवढे धैर्य माझ्यात नव्हते. मी राजाला कधी नाही म्हटले नाही."

दगड गळून पडला. त्याच घटकेला शाप उलटून कराळमुख आपल्या गुहेच्या दारात शिळा झाला. राजाने मान खाली घालून चूकवाचन कायमचे बंद केले.

गुरू मुलीला जवळ घ्यायला पुढे झाले. कुमुदा मागे सरली.

"आधी त्या चाळीस जणांचे सांगा, बाबा," ती म्हणाली.

गुरू पहिल्या शिळेपुढे मांडी घालून बसले. सगळ्यांना सोडवायला चाळीस दिवस लागले. एकेचाळिसाव्या दिवशी पाठशाळेत इतका गलका झाला की गुरूंचा आवाज कोणाला ऐकू येईना, आणि मग कुमुदा बापाशेजारी येऊन बसली.